तांबडीचं झाकण

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तळघरातल्या दोरीवर बाबाचा जुना हॉकीचा मोजा वाळत घातलेला दिसला, आणि आईनं ते काम उरकलं हे मला कळलं.

मोजा माझ्या फ्लावीच्या झबल्यांशेजारी लोंबत होता. निळा-पांढरा, गुडघ्यापर्यंतचा, टाचेला विरलेला. त्याला साबणाचा वास येत होता. मी फ्लावीला एका हातावर तोलत तिचे उरलेले कपडे त्याच्या शेजारी घातले, चिमटे लावले आणि वर आले. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिनं वळून पाहिलं नाही. मीही काही विचारलं नाही.

त्या मोज्याची जागा दोरीवर नव्हती. थंडी सुरू होताना बाबा तांबडीला मागच्या गॅरेजमध्ये झोपवायचा, तेव्हापासून बर्फ वितळेपर्यंत तो मोजा गुंडाळी होऊन तिच्या पुढच्या डिकीच्या तोंडात असायचा. तांबडी म्हणजे बाबाची दोन सीटची गाडी. तिचं इंजिन मागे आणि बॅटरी पुढच्या डिकीत. डिकीला किल्लीचं भोक नाही, सगळा कारभार विजेवर. बटण दाबलं की आतला खटका सुटतो. म्हणजे बॅटरी मेली की डिकी उघडत नाही, आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरीपर्यंत हात पोचत नाही. म्हणून हिवाळाभर तांबडीचं झाकण मिटायचं नाही. ते मोज्यावर टेकवून ठेवायचं, फटीतून छोट्या चार्जरची वायर आत सोडायची, आणि दर रविवारी न्याहारीनंतर जाऊन हिरवा दिवा बघून यायचं. दुसऱ्यांच्या घरी पोरांना रस्ता ओलांडायला शिकवतात, तसं मला हे शिकवलं होतं.

शेजारचा ओनिल दरवर्षी न चुकता म्हणायचा, "क्लेरमाँ, ती बॅटरी काढून घरात का नाही ठेवत? सगळं जग तेच करतं."

"तू तुझ्या गाई हिवाळ्यात स्वयंपाकघरात बांधतोस का?" बाबा विचारायचा.

"माझ्या गाई दूध देतात. तुझी तांबडी काय देते?"

"तुझ्यासारख्यांना बोलायला विषय."

जानेवारीत आई कणीक मळता मळता मला म्हणाली होती, "मारिलू, तो चार्जर फक्त एकदा काढायचा. बाकीचं थंडी करते."

मी ऐकलं. फ्लावी मांडीवर होती, पाच महिन्यांची. फ्लावीचा बाप योआन वर उत्तरेला धरणाच्या कामावर होता, महिन्यातून आठवडाभर घरी यायचा, म्हणून हिवाळ्यापुरती मी तिला घेऊन आईबाबांच्या तळघरात राहायला आले होते. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. दूध पाजायचे, लंगोट बदलायचे, तिच्या मानेच्या वळ्यांतला ओलावा टिपायचे, तिच्या टाळूवर ओठ टेकायचे. सगळं बरोबर करत होते. प्रेम घरातच होतं, वरच्या कुठल्या तरी खोलीत. मी जिन्यात बसले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, झोप घ्या.

"बॅटरी उतरली की ती गोठते ना?" आईनं विचारलं. "भरलेली गोठत नाही, उतरलेली गोठते. तोच सांगत असतो सगळ्यांना."

"हो. गोठून फुटते."

"मग झालं. वसंतात तो एकदा किल्ली फिरवेल. काही होणार नाही. म्हणेल, जाऊ दे, आता माझ्यानं होत नाही हे. मला तेवढंच हवंय. त्यानं आपल्या तोंडानं म्हणायला हवं."

"किल्ली काढून घे की सरळ."

"चाळीस वर्षं कारखान्यातल्या भट्टीवर काम केलेल्या माणसाच्या हातातून किल्ली काढून घेऊ? तू घे. तुझा बाप आहे."

मी घेतली नसती, ते तिला माहीत होतं.

ऑक्टोबरात बाबा तांबडी घेऊन पाव आणायला गेला होता. दुपार झाली, संध्याकाळ झाली. अंधार पडताना फोन आला तो राखीव जंगलाच्या पार्कमधल्या रस्त्यावरून, जिथे तासन् तास झाडांशिवाय काही नाही आणि मूस हरणं आडवी येतात. पेट्रोल संपलं होतं. एका ट्रकवाल्यानं त्याला आपल्या केबिनमध्ये बसवून ठेवलं होतं. आई ओनिलला घेऊन गेली. बाबा हसत होता म्हणे. "रस्ता छान होता, म्हणून जरा पुढे गेलो." पाव मात्र त्यानं आणला होता, भलत्याच गावचा. आईनं तो पाव आम्हाला वाढला आणि आम्ही तो खाल्ला. डॉक्टरांची तारीख मिळाली ती जूनमधली.

आणि नाताळात बाबानं फ्लावीसाठी तांबडीत बसेल अशी बाळाची सीट आणली, तिला रिबीन बांधून. आमच्या घरी वर्षातली पहिली फेरी सगळ्यात धाकट्याची असते. धक्क्यापर्यंत जायचं, फ्योर्डच्या खाडीवरचा बर्फ फुटलेला बघायचा, परत यायचं. माझी झाली, भावाची झाली, भावाच्या पोरांची झाली. "आता या बाईंची पाळी," बाबा तिच्या नाकाला नाक लावून म्हणाला. "मे महिन्यात. फक्त तू आणि मी. आज्जीला न्यायचं नाही, ती ब्रेक नसलेल्या बाजूला बसून ब्रेक मारते."

सगळे हसले. आईसुद्धा हसली. मी त्या सीटचे पट्टे बघत होते. ते किती घट्ट बसतात ते ओढून बघितलं. चांगले होते.

फेब्रुवारीत बाबाला छातीचा खोकला झाला आणि आईनं त्याला घराबाहेर पडायची बंदी केली. तो खिडकीशी ब्लँकेट पांघरून बसायचा, मागच्या गॅरेजकडे तोंड करून.

"अगं, दिवा बघितलास का?"

"बघितला."

"कुठला होता?"

"हिरवा, क्लेरमाँ. दुसरा कुठला असणार?"

"लुकलुकत होता की स्थिर?"

"स्थिर. तुझ्या डोक्यापेक्षा स्थिर. सूप पी."

हे मी जिन्यातून ऐकायचे. मोजा तोवर धुऊन, वाळून, घडी होऊन कपाटात गेला होता. आईनं चार्जर काढला ते मला समजत होतं. पण मोजा काढला, म्हणजे झाकण मिटलं. तिला ते नीटनेटकं वाटलं असणार. उघडं झाकण आणि त्यात घाणेरडा मोजा, कुठली बाई तसं ठेवील? तिला खटक्याचं काही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं त्या गाडीकडे कधी धड पाहिलंच नव्हतं. मी जाऊन झाकण उघडू शकले असते. पहिले काही दिवस बॅटरीत तेवढा जीव असणार. रोज वाटायचं, आज जाऊ. मग फ्लावी उठायची.

मार्चमध्ये एका रविवारी खोकला गेला आणि बाबानं बूट चढवले. आई दुकानात गेली होती. बहुतेक तेवढंच बघून तो उठला.

"चल, येतेस? या बाईंना तांबडी दाखवू."

मी फ्लावीला बर्फाच्या जाड कपड्यात कोंबलं. बाबानं फावड्यानं दारासमोरचा बर्फ ओढला, मधे थांबून दम खाल्ला, आणि दार वर सारलं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. तांबडीवरचं कापड त्यानं नेहमीसारखं मागून पुढे गुंडाळत आणलं, निजलेल्या पोराची दुलई काढावी तसं. पुढे आला आणि थांबला.

झाकण मिटलेलं होतं.

तो नुसता बघत राहिला. मग हातमोजा काढून फटीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंतीवर खिळ्याला चार्जर लटकत होता, वायर नीट गुंडाळलेली. आई भांडी पुसायच्या फडक्याची करते तशी ती गुंडाळी होती, शेवटचं टोक आत खोचलेलं. मला ती लगेच ओळखू आली. बाबानंही तिच्याकडे बघितलं, पण त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

त्यानं खिशातून किल्ली काढून बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग चर्चमधल्या सगळ्या पवित्र भांड्यांची नावं एका दमात घेतली. आमच्याकडे शिवी देताना तीच घेतात. पण आवाज लहान होता. स्वतःशीच.

"बाबा?"

"मीच मिटलं असणार," तो म्हणाला.

मी फ्लावीची टोपी खाली ओढली.

"खोकल्याच्या आधी शेवटचा आलो होतो. चार्जर काढला असेन मीटर लावायला, आणि…" त्यानं हवेत हातानं झाकण मिटल्यासारखं केलं. "आठवत नाही. म्हणजे अजिबातच नाही, मारिलू. इतका मूर्खपणा तर ओनिलची गायसुद्धा करणार नाही."

"होतं असं," मी म्हणाले. डॉक्टरीणबाईंचं वाक्य.

"तुझी आई बघायला यायची. तिला काय कळणार? तिला हिरवा म्हणजे भिंतीचा रंगसुद्धा चालेल." तो हसला. मग म्हणाला, "तिला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"एक तार आहे. मीच बसवली होती, अशा वेळेसाठी. ओढली की खटका सुटतो. बिनविजेची." तो गुडघ्यावर बसला. उजव्या दिव्याखाली हात घातला, चाचपला. मग उजव्या चाकाच्या आत. मग नंबरप्लेटच्या मागे. बर्फाळ जमिनीवर एक एक गुडघा सरकवत तो मागे गेला आणि मागच्या बंपरखाली, सायलेन्सरच्या बाजूला हात घालून बघू लागला. पुढच्या डिकीची तार तिथे कोण नेईल?

तार डाव्या पुढच्या चाकामागे होती, चिखल अडवायच्या काळ्या प्लास्टिकच्या आड, छोट्या लोखंडी कडीला बांधलेली. मला माहीत होतं. ती बसवली तेव्हा मी शाळेत होते आणि टॉर्च मी धरला होता. "उजेड माझ्या हातावर पाड, माझ्या डोळ्यात नको," म्हणून ओरडला होता तो.

मी उभी राहिले. फ्लावी माझ्या छातीशी बांधलेली, तिच्या श्वासाची वाफ माझ्या हनुवटीला लागत होती. मी मनाशी सगळं नीट मांडून पाहिलं, दुसऱ्या कुणाच्या घरातलं असल्यासारखं. मी गप्प राहिले की आईचं म्हणणं खरं होणार. बाबा आपणहून म्हणेल, आता माझ्यानं होत नाही. मे महिन्यात माझी पोर त्याच्या शेजारी त्या सीटवर नसेल. पार्कच्या रस्त्यावर नसेल. करायचं काहीच नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं आणि ते मला त्या हिवाळ्यात फार चांगलं जमत होतं.

बाबा उठला. गुडघे झटकले, हातमोजे घातले. उन्हाळी टायरांची चळत होती तिच्यावर बसला. "सापडेल," तो म्हणाला. "जरा बसतो."

"बस."

फ्लावीनं त्याच्याकडे बघून हात हलवला. तो हसला, दोन्ही हात पुढे केले, ये म्हणून. मी तिचा पट्टा सोडू लागले. आणि त्यानं हात मागे घेतले. मांडीखाली घातले, शाळेतल्या पोरासारखे.

"नको," तो म्हणाला. "तूच धर. तूच धर तिला."

"का? काय झालं?"

"काही नाही. थंड आहेत हात."

ते कारण नव्हतं. आत्ताच त्यानं हातमोजे घातले होते. तो त्या मिटलेल्या झाकणाकडे बघत होता, आणि आपल्या मनातल्या भीतीचा पुरावा त्याला तिथे दिसत होता. तो पुरावा खोटा होता. त्यानं कधी काय सोडलं, काय धरलं, काय पाडलं, त्यातलं आता काहीच त्याला खात्रीनं सांगता येणार नव्हतं. हे आईनं मागितलं नव्हतं. तिला फक्त एक गाडी बंद पडायला हवी होती.

"बाबा, झाकण आईनं मिटलं," मी म्हणाले.

त्यानं वर बघितलं.

"चार्जर पण तिनंच काढला. फेब्रुवारीत, तू आजारी होतास तेव्हा. तुझा मोजा धुऊन घडी करून कपाटात ठेवलाय. मला माहीत होतं."

बाहेर कुणीतरी बर्फ उडवायचं यंत्र चालू केलं आणि बंद केलं.

"मोजा धुतला?" तो म्हणाला.

"हो."

"तो मोजा मी कप जिंकला तेव्हापासून धुतला नव्हता."

"त्याला वास येत होता, बाबा."

"येणारच." त्यानं नाक पुसलं. "पाव आणायला गेलो त्यावरून ना?"

"हो."

"इतकी घाबरली ती."

मी मान हलवली. मला वाटलं आता त्याला सुटल्यासारखं होईल, तो चिडेल, आईच्या नावानं भांडी मोजेल. त्याचे खांदे जरा खाली आले खरे. पण तो पुन्हा त्या गाडीकडे बघू लागला, एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे.

"झाकण तिनं मिटलं, ठीक आहे," तो सावकाश म्हणाला. "पण तार कुठाय ते मला आठवत नाहीये, मारिलू. ते तर तिनं नाही केलं."

"नाही."

"तुला माहीत आहे?"

"हो."

"मी शोधत होतो तेव्हा माहीत होतं?"

"हो."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. वजनकाट्याकडे बघतात तसं. मग त्यानं फ्लावीकडे बघितलं आणि मान हलवली, हिशेब पटल्यासारखी.

"दाखव," तो म्हणाला.

मी सांगितलं, डावं चाक, प्लास्टिकच्या आड. त्यानं स्वतःच हात घातला. कडी सापडली तसा "हां" म्हणाला, आणि ओढली. खटका सुटल्याचा आवाज आला. झाकण बोटभर वर आलं.

बॅटरी आत बाजूंनी फुगलेली होती. वरच्या कोपऱ्याला एक बारीक चीर गेली होती, तिच्या कडेला बर्फाची पांढरी रेघ. बाबानं मीटर काढलाच नाही. पान्यानं दोन्ही टोकं सोडवली, आधी काळं, मग तांबडं, हात न अडखळता. ते त्याच्या बोटांना नीट पाठ होतं. बॅटरी उचलून त्यानं पोरांच्या घसरगाडीवर ठेवली आणि दोरीनं घराकडे ओढत निघाला. मी मागून दार खाली ओढलं.

आई परत आलेली होती. पिवळ्या वाटाण्याचं सूप गॅसवर होतं. बाबा दारातून आत आला, बूट काढले, आणि ती बॅटरी एका जुन्या टबात घालून टेबलाशेजारी ठेवली. आईनं टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पळी हातात तशीच धरून उभी राहिली.

"स्वयंपाकघरात नको ते," ती म्हणाली. "त्यात तेजाब असतं."

"उतरलेली आहे. आणि गोठलेली. आता ती कुणाला काही करत नाही." बाबा खुर्चीत बसला. "युगेत, तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं."

"माहीत आहे."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो. म्हणूनच."

"आता विचार."

आईनं पळी खाली ठेवली. ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. मी फ्लावीचे जाड कपडे काढत होते, चेन अडकली होती, मी ती चेन सोडवत राहिले.

"सोडशील गाडी चालवायचं?" आईनं विचारलं. तिचा आवाज भाजीवालीला भाव विचारावा तसा सपाट होता, पण खुर्चीची पाठ तिनं इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली.

बाबानं टेबलावरचा पावाचा एक तुकडा घेतला, तोडला, खाल्ला नाही.

"तांबडी सोडली," तो म्हणाला. "पोरीला घेऊन मी कुठेही जाणार नाही. कुणाच्याच पोराला घेऊन नाही."

"आणि रोजचा तो पिकअप ट्रक?"

"ट्रकचं जूनमध्ये बोलू. डॉक्टरसमोर."

"आत्ता बोल."

"युगेत, एका रविवारी एकच गाडी मागायची असते."

आई ओट्याकडे वळली. तिनं ताट-वाट्या काढल्या, सूप वाढलं, त्याच्यासमोर ठेवलं, आणि पहिल्यांदा स्वतःही लगेच बसली. ती कधी बसत नाही. आम्ही सगळे चमच्यांकडे बघत होतो. मला त्या वेळी हलकं वाटायला हवं होतं, किंवा रडू यायला हवं होतं. यातलं काही आलं नाही. सूप गरम आहे, तेवढं कळलं. फ्लावीच्या पावलाला माझा तळवा लागला होता, ते ऊबदार आहे हे कळलं. मी तळवा तिथेच राहू दिला.

"वसंतात विमावाल्यांना फोन करावा लागतो," बाबा सूप ढवळत म्हणाला. "गाडी उठवली म्हणून. मी करत असतो. यंदा तू कर. आणि चालवणार कोण विचारतील, तर मारिलूचं नाव सांग."

"मी?" मी म्हणाले. "मला विचारलं का कुणी?"

"नाही," बाबा म्हणाला. "आपल्या घरात विचारायची पद्धत कुठाय?"

आईनं मिठाची बाटली त्याच्याकडे सरकवली. "खा आता," ती म्हणाली. "गार होतंय."